धर्मग्रामाचा क्लब आणि त्याचा इतिहास

आयरिश साहित्य म्हटले की येट्स आणि जॉइस ही नावे आपल्या ओठांवर येतात. परंतु त्याच देशाच्या खेड्यापाड्यांत लेखनाचा आणखी एक प्रकार रुजलेला आहे आणि समीक्षकांनी त्याची दखल क्वचितच घेतली आहे. तो म्हणजे गावच्या हर्लिंग व गेलिक फुटबॉल क्लबचा इतिहास. १९८४ साली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची शताब्दी साजरी झाली आणि त्या सुमारास अशा पुस्तकांना बहर आला. लेखक बहुधा गावातलाच असतो आणि वाचकही गावातलेच. या लेखनाकडे साहित्य म्हणून पाहावे व त्याला साहित्याचीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.

हर्लिंग हा ॲश वृक्षाच्या लाकडाच्या, टोकाशी रुंद असलेल्या काठीने खेळावयाचा अतिवेगवान खेळ. प्रत्येक बाजूस १५ खेळाडू. काठी झाडाच्या बुंध्याच्या खालच्या, मुळांकडे वळलेल्या भागातून कापतात, म्हणजे लाकडाच्या रेषाही काठीबरोबर वळतात. खेळाडूला मानधन नाही. आणि क्लबची हद्द कोणती? धर्मग्रामाची! एक धर्मग्राम, एक क्लब, हा तेथील सर्वसाधारण नियम. ज्या वेदीसमोर मुलाचा बाप्तिस्मा झाला, त्या धर्मग्रामाचाच गणवेश त्याने चढवायचा. पैसा किंवा कीर्ती यांच्या मागे लागून त्याने शेजारच्या गावाकडून खेळणे हे जवळजवळ पाप समजले जाते.

या अभिमानाचे साहित्यिक मूळ शोधायचे झाल्यास चार्ल्स किकहॅम यांच्या ‘नॉकनागाऊ’ (१८७३) या कादंबरीपर्यंत जावे लागते. तिच्यातील एक कष्टकरी तरुण घण फेकण्याच्या चढाओढीत उतरतो तो स्वतःसाठी नव्हे, आपल्या लहानशा खेड्याच्या नावासाठी. क्लबचे इतिहासकार कळत नकळत त्याच तरुणाचे वारस आहेत. त्यांच्या लेखनाचे बळ यात आहे आणि दुबळेपणाही यातच आहे.

बळ असे की ते नावे जपतात. सामन्यांच्या याद्या, जुनी छायाचित्रे, ‘डावीकडून तिसरा’ अशा खुणा. ज्या माणसाबद्दल अन्यत्र एक ओळही लिहिली गेली नाही तो येथे सापडतो. अशी पाने चाळताना आम्हांला बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण होते. दुबळेपणा असा की गावाच्या नावाला बाधा येईल ते सारे गाळले जाते. इतिहास मग विजयांचा जमाखर्च होतो.

वास्तविक या संस्थेचा जन्मच भांडणांच्या सावलीत झाला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथील हेज यांच्या हॉटेलात मायकल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आदी मंडळींनी तिची स्थापना केली आणि कॅशेलचे आर्चबिशप क्रोक तिचे आश्रयदाते झाले. तीनच वर्षांनी, १८८७च्या नोव्हेंबरात, थर्ल्सच्याच अधिवेशनात धर्मगुरू आणि क्रांतिकारी गट यांच्यात उभी फूट पडली व ती सांधण्यास आर्चबिशपांनाच मध्यस्थी करावी लागली. पुढे पार्नेल प्रकरणाने गावोगावचे क्लब मोडले. त्यानंतर ‘परकीय’ खेळांवरील बंदी. फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास गेले म्हणून प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांचे आश्रयदातेपद १९३८ साली काढून घेण्यात आले! बंदी उठली ती १९७१ साली. तोवर खेड्यातील किती पोरांनी चोरून सॉकर खेळल्याबद्दल शिक्षा भोगली असेल? त्यांची नावे विजयी संघांच्या यादीत कशी येणार? १९५१ ते १९६१ या दशकात ४ लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. पंधरा खेळाडू जमेनात म्हणून ज्या वर्षी संघच उतरला नाही, ते वर्ष इतिहासकाराने दोन ओळींत उरकावे, हे आम्हांला खटकते. गावाची खरी कहाणी त्याच वर्षी घडत होती.

किलकेनी परगण्याच्या दक्षिणेकडील बॅलीहेल शॅमरॉक्स या क्लबचे उदाहरण येथे बोलके आहे. हा क्लब १९७२ साली स्थापन झाला. एकाच धर्मग्रामातील बॅलीहेल, नॉकटॉफर आणि नॉकमॉयलन या तीन ठिकाणांचे खेळाडू त्यात एकत्र आले. तिपानी शॅमरॉकचे नाव या तिघांना शोभूनही दिसते. त्यानंतरचे यश थक्क करणारे आहे. १९८१ साली क्लबांचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळाले तेव्हा संघात फेनेली घराण्यातील सात सख्खे भाऊ होते. २०२३पर्यंत अशी नऊ अजिंक्यपदे झाली. हेन्री शेफलिन याच क्लबचा.

हे सारे अभिमानाने लिहावे, यात वाद नाही. परंतु आमच्या मते या इतिहासाचे पहिले प्रकरण १९८१ नव्हे, १९७२ हे असावयास हवे, आणि तेही सविस्तर. तीन ठिकाणच्या माणसांनी आपापले रंग, आपापले जुने राग उतरवून एक गणवेश कसा घातला? कोणाला ते कडू गेले? मैदान कोठे ठेवायचे? सात भावांच्या आईने त्या दिवसांत किती कपडे धुतले? बायकांचा कॅमोगी हा खेळ १९०४पासून खेळला जातो, पण पुरुषांच्या ग्रंथात त्याला बहुधा शेवटचे प्रकरण मिळते, आणि चहापाण्याच्या आभारात स्त्रिया पुन्हा एकदा येतात. हा उपहास नव्हे. ज्या ग्रंथाला गावाचा ग्रंथ म्हणवून घ्यायचे आहे, त्याच्याकडे ही आमची रास्त तक्रार आहे.

याच बॅलीहेलच्या वाट्याला १२ फेब्रुवारी २०२२ रोजी एक पराभव आला. अंतिम सामन्यात बॅलीगनर संघाने अखेरच्या क्षणी गोल केला आणि केवळ एका गुणाने बाजी मारली. बॅलीहेल १-१९, बॅलीगनर २-१७. येथे गोलाचे तीन गुण धरतात. पुढच्याच वर्षी बॅलीहेलने पुन्हा अजिंक्यपद पटकावले, म्हणून तो पराभव एका वाक्यात गुंडाळण्याचा मोह भावी इतिहासकाराला होणारच. त्याने तसे करू नये. त्या संध्याकाळी तिन्ही ठिकाणच्या घरांत जे बोलणे झाले असेल, ते त्याने आजच, माणसे हयात आहेत तोवर, वहीत उतरवून ठेवावे.