न्यायमूर्ती पाल यांचे भिन्नमत : एक फेरतपासणी

मागच्या व्याख्यानात न्यूरेंबर्ग झालं. आज टोकियो, आणि त्यातही न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं भिन्न निकालपत्र. आपल्याकडे त्याचा उल्लेख अभिमानानं होतो. अभिमान जरूर असावा. पण निकालपत्र तपासायलाही हवं.

खटला १९४६ ते १९४८ असा चालला. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश, सगळे जेत्यांच्या बाजूचे. २५ जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या ७ जणांना फाशी. पाल म्हणाले, सगळे निर्दोष.

त्यांच्या प्रतिपादनात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, युद्ध पुकारणं हा व्यक्तीचा गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा नव्हता. मागाहून केलेला कायदा आधीच्या कृत्याला कसा लावणार? दोन, जेत्यांना कुणी जाब विचारायचा? हिरोशिमाचं काय? यात मी भर घालतो. सम्राट हिरोहितोंवर खटला झालाच नाही. कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ चा प्रमुख शिरो इशी, त्याला तर अमेरिकेनं माहितीच्या बदल्यात मोकळं सोडलं.

इथपर्यंत पाल बरोबर आहेत. अडचण पुढं आहे.

नानजिंगमधले अत्याचार पाल नाकारत नाहीत. तरी सेनापती इवाने मात्सुई त्यांच्या मते दोषी नाहीत. का? तर सेनापतीनं सैन्यातल्या शिस्तीच्या यंत्रणेवर विसंबणं रास्तच आहे. आता बघा, यंत्रणा कोलमडल्याचं कानावर येत असताना विसंबून राहणं म्हणजे डोळेझाकच की! शिवाय कैद्यांना मारू नये हा नियम १९०७ च्या हेग करारात होताच. म्हणजे मागाहून केलेल्या कायद्याचा आक्षेप इथं लागू पडत नाही.

पाल यांच्या नावानं जो युक्तिवाद पुढं चालवला गेला, तो तर याहून कच्चा. ‘तुम्हीही तेच केलंत, मग आम्ही निर्दोष.’ अहो, एक चोर सुटला म्हणून दुसरा साव ठरत नाही! यासुकुनी देवस्थानात मात्सुईंचीही पूजा होते, आणि तिथंच २००५ मध्ये पाल यांचं स्मारक उभं राहिलं. अत्याचार मान्य करणाऱ्या न्यायाधीशाचा उपयोग ते विसरण्यासाठी व्हावा, हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे.

प्रश्न जुना झालेला नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून आहे, पण त्याला स्वतःचे पोलीस नाहीत. २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं. २०२४ मध्ये ते मंगोलियात, म्हणजे सदस्य देशात, जाऊन सुखरूप परतले. अमेरिका, रशिया, चीन सदस्य नाहीत. आपणही नाही.

तेव्हा न्याय अर्धा आहे ही तक्रार खरी. पण त्यातून ‘न्यायालयच नको’ हा निष्कर्ष निघत नाही. निघते ती उरलेल्या अर्ध्याची मागणी. आणि ती करणाऱ्यानं आधी स्वतः त्या कायद्याखाली उभं राहायला हवं, नाही का?