धोंडिबाचे प्रश्न

'गुलामगिरी'वर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण बहुतेकांचे लक्ष जोतीरावांच्या उत्तरांवर. धोंडिबा मात्र उपेक्षितच राहिला. १८७३ सालचा हा ग्रंथ सोळा भागांचा संवाद आहे आणि धोंडिबा विचारतो म्हणूनच तो पुढे सरकतो. कीर्तनात श्रोत्याला मान डोलावण्यापलीकडे काम नसते. इथे श्रोत्याला तोंड आहे. परशुराम चिरंजीव असेल तर त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी नोटीसच जोतीराव ग्रंथात छापतात. पुराणाकडे पुरावा मागायचा! हा भाग वाचला की वर्गातली पोरे आधी हसतात, मग गप्प होतात. ते गप्प होणे मला अधिक मोलाचे वाटते.

मी हिंगण्याला शिकवतो. वर्गात एमआयडीसीतल्या कामगारांची, शेतमजुरांची मुले असतात. माझ्या घरातही माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिले नव्हते. शाळेत एकदा मी 'का?' विचारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "फी माफ आहे ना तुला? मग अक्कल कशाला पाजळतोस?" पुढे कित्येक वर्षे माझा हात वर गेला नाही. आणि आज मीच 'गुलामगिरी'च्या नोट्स उतरवून देतो. प्रश्न विचारायला शिकवणारा ग्रंथ आम्ही दहा गुणांच्या उत्तरापुरता करून टाकला.

ग्रंथाचे एक उणेपणही सांगितले पाहिजे. धोंडिबाला जोतीरावांचे म्हणणे फार लवकर पटते. त्याचे प्रश्न शेवटी उत्तर ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेले आहेत. हे मी वर्गात बोललो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, धोंडिबाला बायको नव्हती काय? तिनं काय विचारलं असतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुक्ता साळवेचा निबंध वर्गात नेला. फुल्यांच्या शाळेतली ही मांगाची पोर. 'गुलामगिरी'च्या अठरा वर्षे आधी, १८५५ साली, तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. हा प्रश्न तिला कोणी लिहून दिल्यासारखा वाटत नाही. पुढे ती आपल्या बायकांच्या बाळंतपणावर येते. घरावर छप्परसुद्धा नसते, म्हणते.

तो भाग त्या मुलीनेच वाचून दाखवला.