मंगळावरचा डिटेक्टिव्ह आणि मागाहून चिकटवलेलं दुःख

'मार्शियन मॅनहंटर' म्हटलं की जस्टिस लीग बघितलेल्यांना साधारण एकच चित्र आठवतं. हिरवा, गंभीर, एकाकी. ज्याचा ग्रह मेला, कुटुंब गेलं असा शेवटचा मंगळवासी. सुपरमॅन सगळ्यांना माहीत असतो, याच्याबद्दल मात्र एवढंच. आणि या एवढ्याशा माहितीवर एक रिसर्च प्रपोजल अगदी सहज उभं राहतं: 'स्थलांतरिताचं रूपक म्हणून मार्शियन मॅनहंटर'. विषय छान आहे. फक्त सुरुवातीचे अंक उघडले की तो डळमळायला लागतो. का, ते बघू.

हे पात्र पहिल्यांदा येतं डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २२५व्या अंकात, नोव्हेंबर १९५५ मध्ये. लेखक जोसेफ सॅमॅक्सन, चित्रकार जो सर्टा. अंकाचा हिरो अर्थातच बॅटमॅन. ही मागच्या पानांतली छोटीशी गोष्ट. डॉ. एर्डेल नावाचा शास्त्रज्ञ एक यंत्र चालवतो, त्यातून मंगळावरचा जॉन जोन्झ थेट प्रयोगशाळेत येऊन उभा राहतो. धक्क्याने एर्डेल मरतो, परतीची वाट बंद. मग हा रूप बदलतो, 'जॉन जोन्स' होतो आणि पोलिसात डिटेक्टिव्ह म्हणून लागतो. झाली गोष्ट.

आता यात काय नाहीये ते बघा. मेलेला ग्रह नाही. मंगळ व्यवस्थित जिवंत आहे, उलट तिथे गुन्हेगारी कधीच संपलेली आहे, म्हणजे तो समाज आपल्यापेक्षा पुढारलेला. हा माणूस निर्वासित नाही. गाडी चुकून अडकलेल्या प्रवाशासारखा आहे, आणि अडकलोच आहोत तर काहीतरी कामाचं करू, असा त्याचा एकंदर सूर आहे. मंगळाचा विध्वंस येतो १९६९ मध्ये, जस्टिस लीगच्या ७१व्या अंकात. साथीत संपलेली जमात आणि गमावलेलं कुटुंब हे जे आज आपल्याला 'मूळ' वाटतं, ते जे. एम. डीमॅटिस आणि मार्क बॅजर यांच्या १९८८च्या चार अंकी मालिकेतून घट्ट झालं. म्हणजे ज्या दुःखावर आपण १९५५चं वाचन उभं करतोय, ते तेहतीस वर्षांनी लिहिलं गेलंय!

कॉमिक्सच्या जगात याला 'रेटकॉन' म्हणतात: जुनी गोष्ट मागे जाऊन बदलायची. लेखकांना तो हक्क आहे. संशोधकाला नाही.

मग स्थलांतरिताचं वाचन पूर्ण बाद? तसंही नाही. इंग्रजीत 'एलियन' म्हणजे परग्रहवासी आणि परदेशी नागरिकही. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात हाच शब्द आहे. मराठीत 'परग्रहवासी' आणि 'परकीय' हे शब्द वेगळे असल्यामुळे हा दुवा आपल्याला चटकन जाणवत नाही. नावाची गंमत त्याहून मोठी. मंगळावरचं नाव आणि अमेरिकन नाव कानाला जवळपास एकच, परकेपणा आहे तो फक्त विचित्र स्पेलिंगमध्ये. देवनागरीत लिहिलं की तोही जवळजवळ पुसला जातो. नाव 'सोपं' करून घेणाऱ्या कितीतरी स्थलांतरितांची आठवण इथे होणारच.

पण पॅनेल्स काय सांगतात? सुरुवातीच्या वर्षांत हा गुपचूप शक्ती वापरतो आणि केस सोडवतो, पुढच्या अंकात पुन्हा तेच. ओळख लपवण्याची अडचण आहे, वेदना नाही. वेषांतर हे इथे दुःख नाही, कथानकाची सोय आहे. नोव्हेंबर १९५९च्या २७३व्या अंकात त्याचं अस्तित्व जगजाहीर होतं. तिथे समाज बिथरेल असं आपल्याला वाटतं, पण पुढे तो उघडपणे सुपरहिरो म्हणून वावरतो आणि १९६०मध्ये जस्टिस लीगच्या संस्थापकांत दिसतो.

इथे हुशार विद्यार्थी म्हणेल, "हे मौनच अर्थपूर्ण आहे! पन्नाशीच्या अमेरिकेला परक्याचं दुःख ऐकायचंच नव्हतं." वाक्य आकर्षक आहे, पण मौनावर दावा करायचा तर आधी तुलना लागते. त्याच डिटेक्टिव्ह कॉमिक्समध्ये त्या काळात रॉय रेमंड नावाच्या टीव्ही डिटेक्टिव्हच्या छोट्या कथा येत होत्या. तो पक्का माणूस, पक्का अमेरिकन. त्या कथा शेजारी ठेवून वाचा. त्याच्याही मनात काय चाललंय हे कळत नसेल, तर जॉन जोन्सचं मौन परकेपणाचं नाही, मोजक्या पानांत केस संपवायच्या साच्याचं आहे. फरक दिसला, तर मात्र तुमच्या हाती खरंच काहीतरी लागलं. शिवाय १९५४ पासून कॉमिक्स कोडचा धाक होताच. काय दाखवायचं नाही हे त्यातूनही ठरत होतं. मौनाची तीन कारणं शक्य असताना आवडतं तेवढं उचलणं म्हणजे संशोधन नव्हे.

अजून एक व्यावहारिक गोष्ट. या जुन्या कथा बहुतेक जण २००७च्या 'शोकेस प्रेझेंट्स' खंडात वाचतात. तो ब्लॅक अँड व्हाइट आहे. म्हणजे ज्या हिरव्या कातडीवर 'वंश आणि रंग' असं प्रकरण लिहायचंय, ती कातडी तुमच्या प्रतीत हिरवी नाहीच. तिथे सर्टाची रेघ, जाड भुवई, तेवढं छान कळतं. रंगाबद्दल बोलायचं तर मूळ अंकाचं रंगीत पान बघायलाच हवं, आणि कोणती आवृत्ती वाचली ते प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहायला हवं.

साहित्य म्हणून या कथा थोर आहेत का? नाहीत. कथानकं सरधोपट आहेत, शक्ती गरजेप्रमाणे उगवतात. तरी मला त्या आवडतात, कारण त्यांच्यातला परका कुणाची कीव मागत नाही. सकाळी ड्युटीवर जातो, काम करतो. पुढच्या लेखकांनी त्याला खोली दिली हे खरं, पण परक्याच्या वाट्याला दुःखच असलं पाहिजे, ही अपेक्षाही सोबत आली. ती अपेक्षा कधी, कुणी आणि का आणली? १९५५, १९६९ आणि १९८८ हे तीन टप्पे समोर ठेवून हा प्रश्न विचारला, तर तो 'रूपक' शोधण्यापेक्षा कितीतरी चांगला प्रबंध होईल.