सुधाकराचा स्वभाव

'एकच प्याला' म्हणजे दारूच्या दुष्परिणामांचे नाटक, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की सुधाकराकडे कोणी निरखून पाहतच नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरास वारले. त्या काळी सावनेर व आमचे जबलपूर एकाच मध्यप्रांतात मोडत. पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. तेव्हापासून प्रेक्षक रडले ते सिंधूसाठी, आणि संतापले ते प्याल्यावर.

सनद काही काळ गेली एवढ्यावरून बुद्धिमान वकील व्यसनाधीन होतो हे अतिरंजित आहे, असा आक्षेप ऐकू येतो. आम्हांस तो पटत नाही. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या कर्तबगारीवर वर आला आहे. मानीपणा हीच त्याची शिडी. पण असा मनुष्य आपली किंमत लोकांच्या नजरेत मोजतो. न्यायालयातील अपमान दुसऱ्या एखाद्याने चार दिवसांत गिळला असता. सुधाकराच्या तो अंगी भिनतो. तळीराम हे निमित्त. तोही पितोच, परंतु त्याचे आपल्याला हसू येते, कारण त्याला गमावण्याजोगी प्रतिष्ठाच नाही!

खरा पुरावा पुढे आहे. सुधाकर दारू सोडतो, परिचितांकडे काम मागावयास जातो, तेथे पाणउतारा होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. कैफ उतरला होता. जखम तशीच होती.

हान्स आयसेंक यांनी १९४७ च्या ग्रंथात 'न्यूरॉटिसिझम' या नावाने जी प्रवृत्ती मोजावयास घेतली, ती ज्यांच्या ठायी अधिक, ते लवकर दुखावतात आणि लवकर सावरत नाहीत; खिन्नता व चिंताविकार त्यांना जडण्याचा संभव अधिक, हे पुढील संशोधनाने वारंवार दाखविले आहे. मात्र संभव म्हणजे विधिलिखित नव्हे. स्वभावावर आघात व्हावा लागतो, आणि जवळ कोण आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. येथे गडकरी उणे पडतात. रामलाल स्नेही खरा, पण तो उपदेश करतो; सुधाकराचे दुःख ऐकून घेत नाही.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्या वर्गाने तर हे नाटक पुन्हा वाचावेच. बदलीच्या गावी आपणांस कोणी कुळाने ओळखत नाही, ओळखतात ते पदाने. निलंबनाचा एक कागद आला की तेवढीही ओळख उरत नाही.

हौशी मंडळी पाच अंकांची काटछाट करताना झिंगेचे प्रवेश राखतात. त्यांनी काम मागणारा, शुद्धीवरचा सुधाकर तेवढा गाळू नये.