एझिकेल यांची ‘भारतीय इंग्रजी’ : उच्चार कोणाचा?

निस्सीम एझिकेल (१९२४–२००४) यांच्या ‘हिम्स इन डार्कनेस’ (१९७६) या संग्रहातील ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता बहुधा भारतीय इंग्रजीचा उपहास म्हणून शिकविली जाते. हे वाचन अपुरे वाटते. कवीने शब्दांचे वर्णलेखन बिघडविलेले नाही. बदलले आहेत ते क्रियापदांचे काळ आणि शब्दक्रम. कवितेत बोली आहे, उच्चार मात्र छापलेला नाही. तो वर्गात वाचणारा प्राध्यापक पुरवितो.

शिवाय ही इंग्रजी साऱ्या भारताची नव्हे. सुरतेचा उल्लेख तिला गुजराती परिसराकडे नेतो. बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याची इंग्रजी निराळी आहे. देवनागरीत ‘वेस्ट’ लिहिले की पश्चिम दिशा, बंडी आणि नासाडी या अर्थांचे तीन इंग्रजी शब्द एकरूप होतात. पहिल्या दोहोंतील भेद मराठी कानालाही सहसा जाणवत नाही. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलाचा उच्चार तर मराठीच्या तासालाही सुधारला जातो. त्याच्यासमोर नकली सुरात ही कविता वाचून हशा मिळविणे (अध्यापनशास्त्राचे राहू द्या) समीक्षेच्या दृष्टीनेही चूक आहे, कारण त्या हशात निरोपाचा जिव्हाळा ऐकूच येत नाही.

कवितेत उपहास नाहीच, असे अर्थात म्हणता येत नाही. वक्ता मिस पुष्पांविषयी बोलता बोलता स्वतःच्या सुरतेच्या मुक्कामाकडे वळतो. निरोपसमारंभातील ही सवय निर्दोष इंग्रजीत, किंबहुना प्रमाण मराठीतही, तितकीच आढळते.