‘सखाराम बाइंडर’ आणि व्यक्तिमत्त्व विकारांचे वर्गीकरण : एक चिकित्सा

व्यक्तिमत्त्व विकारांच्या प्रकारांची यादी समोर ठेवून साहित्यकृतीतील पात्राला त्यातले एखादे नाव द्यावयाचे, ही पद्धत आपल्याकडील लघुप्रबंधांत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.साठी हेच केले होते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकाच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत (पाचवी आवृत्ती, २०१३) या विकारांचे १० प्रकार ३ गटांत मांडले आहेत. त्यांपैकी ‘समाजविरोधी’ हा प्रकार सखारामला सहज चिकटवला जातो. त्यासाठी प्रौढ वयातील ७ लक्षणांपैकी किमान ३ आढळावी लागतात. शिवाय १५ वर्षांच्या आतील वर्तनविकाराचा पुरावा लागतो. सखाराम लक्ष्मीला मारतो, अखेरीस चंपाचा जीव घेतो. आक्रमकता निर्विवाद आहे. परंतु फसवणूक आणि बेजबाबदारी या लक्षणांचे काय? नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरात आणतानाच तो आपले नियम रोखठोक सांगतो, छापखान्यातील काम टिकवतो. खुनानंतर तर तो सुन्न होतो; पश्चात्तापाचा अभाव म्हणावा, तर तेही ठामपणे म्हणता येत नाही. आणि बालपणी मार खाऊन घरातून पळाला, एवढ्यावरून वर्तनविकार कसा ठरवावयाचा?

अडचण केवळ सखारामची नाही. ७ पैकी ३ या हिशेबाने, प्रौढपणीचे एकही लक्षण समान नसलेल्या दोन व्यक्तींना एकच नाव मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणाने हे प्रकार बहुतांशी मोडीत काढले (‘सीमावर्ती’ आकृतिबंध तेवढा राखला) आणि विकाराच्या तीव्रतेला प्राधान्य दिले. स्वतःशी व इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे, हा त्यातील मुख्य प्रश्न.

हा प्रश्न नाटकाला विचारला की संहिता बोलू लागते. एका वेळी एकच बाई घरात असेपर्यंत सखारामची व्यवस्था टिकते. लक्ष्मी परतते, दोघी एका छपराखाली येतात आणि त्याचे पौरुष व नियम दोन्ही ढासळतात. ‘समाजविरोधी’ या शिक्क्यात हे ढासळणे कोठेच येत नाही. लक्ष्मीला ‘परावलंबी’ ठरविणाऱ्यांची गत याहून बिकट होते. मुंगीशी मायेने बोलणारी ही देवभोळी बाई चंपाचे गुपित सखारामला सांगते. आणि तो खिळून उभा असताना प्रेत पुरण्याची सूत्रे तीच हाती घेते.