हौशी चाहतेलेखन आणि प्रामाणिक समीक्षा : देहू-चाकण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

आवडत्या साहित्यकृतीतील पात्रे, प्रसंग वा भावविश्व घेऊन वाचकाने स्वतः केलेले नवे लेखन म्हणजे चाहतेलेखन होय. आज ते 'फॅन फिक्शन' या नावाने ओळखले जात असले, तरी त्यामागील प्रेरणा मराठीला नवी नाही. महाभारताच्या आधारे लिहिलेली शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) ही कादंबरी कर्णाविषयीच्या अशाच उत्कट ओढीतून साकारली. अशा मान्यताप्राप्त कृतींची चर्चा समीक्षेने केली आहे. परंतु स्नेहसंमेलन, हस्तलिखित वा एकांकिका स्पर्धेच्या निमित्ताने होणाऱ्या हौशी चाहतेलेखनाकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा या दृष्टीने लक्षणीय ठरतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून या भागाच्या औद्योगिकीकरणाने वेग घेतला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा प्रदेशांतून आलेल्या कामगारांची व त्यांच्या मुलांची येथे मोठी वस्ती आहे. २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी येथे भरले. म्हणजे लिहिण्याची व ऐकण्याची हौस या नगरीत आहे. प्रश्न आहे तो या हौसेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा. 'छान लिहिलेस' ही पाठीवरची थाप किंवा 'हे काही खरे साहित्य नव्हे' ही उपेक्षा, या दोहोंपलीकडे तिसरी शक्यता असू शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील चार भूमिका

या विचारासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. इंद्रायणीकाठचे देहू याच परिसरात आहे. नामदेवांनी स्वप्नात येऊन आपली अभंगरचनेची अपुरी राहिलेली संख्या पूर्ण करण्यास तुकारामांना सांगितले, असे वारकरी परंपरा मानते. या अर्थाने महाराष्ट्राच्या सर्वांत लोकप्रिय कवीच्या काव्याचा आरंभच पूर्वसूरीचे कार्य पुढे नेण्याच्या भावनेतून झाला. पूर्वीच्या संतांची वचने पाठ करणे ही तुकारामांची पहिली शिदोरी होती. तिच्यावर ते थांबले नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे.

तुकारामांच्या चाहत्यांमध्ये चार भूमिका स्पष्ट दिसतात. पहिली चाकणच्या संताजी जगनाडे यांची. त्यांनी गुरूचे अभंग निष्ठेने लिहून ठेवले. दुसरी बहिणाबाईंची. तुकारामांच्या ओढीने देहूला आलेल्या या कवयित्रीने गुरूची मुद्रा न वापरता आपल्या नावाने अभंग रचले आणि त्यांत स्वतःच्या संसाराची, घरातील विरोधाची व परमार्थाची कहाणी सांगितली. तिसरी भूमिका सालोमालोची. दुसऱ्याच्या अभंगावर स्वतःचे नाव घालणारा म्हणून तो परंपरेच्या स्मरणात आहे. चौथी भूमिका अनामिकांची. त्यांनी स्वतःची रचना 'तुका म्हणे' या मुद्रेखाली प्रवाहात सोडली.

या चौघांनाही तुकारामांच्या शब्दांचे मोल ठाऊक होते. परंतु त्यांच्या लेखनाचे मूल्य सारखे नाही. ते वेगळे करून दाखविणे हे समीक्षेचे काम. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या गाथेसाठी विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. अमुक अभंग तुकारामांचा नाही असे म्हणणे म्हणजे तुकारामांचा अवमान नव्हे, हा विवेक त्या संपादनदृष्टीच्या मुळाशी आहे. चाहतेलेखनाच्या समीक्षेला हाच विवेक प्रथम अंगीकारावा लागतो.

उसन्या आत्मीयतेचा प्रश्न

सर्वसाधारण हौशी कथेला वाचकाचे मन स्वतःच्या बळावर जिंकावे लागते. चाहतेलेखनाची स्थिती निराळी असते. कर्ण, शिवाजी महाराज किंवा तुकाराम यांचे नाव उच्चारताच वाचकाच्या मनातील आधीची आत्मीयता जागी होते. डोळ्यांत पाणी येते. पण ते त्या कथेने आणले की मूळ व्यक्तिरेखेने, हे लेखकाला उमगत नाही. टाळ्यांचा कडकडाट होतो आणि आपले लेखन साधले असा त्याचा समज होतो. ही उसनी आत्मीयता हौशी लेखकाच्या वाढीतील सर्वांत मोठा अडसर आहे. चाहतेलेखनाला प्रामाणिक समीक्षेची गरज इतर हौशी लेखनापेक्षा अधिक आहे, ती याच कारणाने.

आणि नेमकी येथेच समीक्षा अवघड होते. आदरणीय व्यक्तीवरील एकांकिका कच्ची आहे असे म्हटले, की त्या व्यक्तीविषयीच्या आदरावर शंका घेतली जाते. लेखक हौशी आहे म्हणून त्याला दुखवू नये, असाही आग्रह धरला जातो. परिणामी परीक्षक गुळमुळीत बोलतो. लेखक पुढील वर्षी तोच दोष घेऊन पुन्हा उभा राहतो, आणि आपण कोठे अडलो आहोत हे त्याला कोणीच सांगत नाही. दुखवू नये म्हणून बाळगलेले हे मौन लेखकाला अखेर अधिक महागात पडते.

प्रामाणिकपणाची तीन उदाहरणे

रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' (१९६८) या कादंबरीला नरहर कुरुंदकर यांचे पत्ररूप प्रदीर्घ विवेचन प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. प्रस्तावना म्हणजे गौरवपर चार शब्द, हा संकेत तेथे पाळलेला नाही. शिवचरित्रातील गुंतागुंतीचे प्रश्न समीक्षक तेथे विचारवंताच्या निष्ठेने उपस्थित करतो, आणि कादंबरीकार ते विवेचन आपल्याच ग्रंथाच्या प्रारंभी छापतो. विषयावरील प्रेम आणि विषयाची चिकित्सा एकाच मुखपृष्ठाआड नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. देसाई हौशी लेखक नव्हते. तथापि टीका स्वीकारण्याची ही रीत हौशी लेखकानेही अभ्यासावी अशी आहे.

दुसरे उदाहरण 'सत्यकथा' मासिकाचे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी लेखकांशी तपशीलवार पत्रव्यवहार करून लेखनाचे पुनर्लेखन करून घेण्याची शिस्त रुजविली. मात्र याच मासिकाच्या अभिरुचीविरुद्ध १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी बंड केले व त्याच्या अंकाची होळी केली. कसोशीने केलेली समीक्षासुद्धा एकाच अभिरुचीला प्रमाण मानू लागली, तर नव्या अनुभवाला व नव्या बोलीला ती जाचक वाटू लागते. मराठवाड्याची वा खानदेशाची बोली घेऊन भोसरीत वाढलेल्या मुलाच्या लेखनात 'अशुद्ध' काय आणि 'वेगळे' काय, हे ओळखण्याची जबाबदारी म्हणूनच समीक्षकावर येते.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघास करंडक दिला नाही. या निर्णयावर बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांचा उत्साह खचेल ही चिंता अगदीच निराधार नव्हती. पण करंडकाचे वजन टिकवायचे तर तो नाकारण्याचा अधिकारही जपावा लागतो, हा युक्तिवाद अधिक सबळ ठरतो. तरीही नकार म्हणजे संपूर्ण समीक्षा नव्हे. निर्णयामागची कारणे संहितेच्या पातळीवर लेखकापर्यंत पोहोचतात, तेव्हाच त्या नकारातून शिक्षण घडते.

समीक्षेचे निकष

चाकणच्या कारखान्यात तपासणी करणारा कामगार सुटा भाग गेजने मोजतो. भाग मापात नसेल तर तो रिजेक्ट करतो किंवा रिवर्कला पाठवतो. तो भाग बनविणाऱ्याच्या चारित्र्याविषयी काही बोलत नाही. ड्रॉइंगप्रमाणे माप किती हवे होते आणि किती आले, एवढेच तो नोंदवतो. खराब भाग दयेपोटी पुढे सोडणे हा कामचुकारपणा आहे, हे तेथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. नेमके बोलावे, व्यक्तीविषयी नव्हे तर वस्तूविषयी बोलावे, आणि दुरुस्तीची वाट मोकळी ठेवावी, एवढा धडा साहित्यसमीक्षेने या शिस्तीतून जरूर घ्यावा. मात्र साधर्म्य येथेच संपते. सुट्या भागाचे ड्रॉइंग आधीच ठरलेले असते. कथेचे माप कथा स्वतःच घडवीत जाते.

म्हणून चाहतेलेखनाची तपासणी दोन टप्प्यांत करावी लागते. मूळ व्यक्तिरेखेच्या स्वभावाचे तर्कशास्त्र लेखकाने समजून घेतले आहे काय, हा पहिला प्रश्न. त्याने ते मोडले असेल, तर जाणीवपूर्वक मोडले की नकळत? दुसरा प्रश्न अधिक कठोर आहे. सर्व परिचित नावे काढून घेतली, तर मागे काय उरते? एखादे जिवंत वाक्य, एखादा स्वतः पाहिलेला प्रसंग, रात्रपाळीहून परतलेल्या बापाचा एखादा हावभाव उरत असेल, तर लेखकाची खरी वाट तेथून सुरू होते. ती जागा बोट ठेवून दाखविणे हे दोषदिग्दर्शनाइतकेच समीक्षकाचे कर्तव्य आहे. नुसती उणीदुणी काढणारी टीकाही अपुरीच असते, कारण ती लेखकाला त्याच्या बळाची ओळख करून देत नाही.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापक हा बहुतेक हौशी लेखकांचा पहिला, आणि कित्येकदा अखेरचा जाणकार वाचक असतो. पदवी घेऊन विद्यार्थी कारखान्यात वा कार्यालयात रुजू झाला, की त्याचे लेखन वाचून खरे सांगणारा माणूस त्याला सहसा भेटत नाही. स्नेहसंमेलनाच्या संहितेवर दिलेल्या 'उत्तम' या शेऱ्याऐवजी समासात लिहिलेल्या चार नेमक्या ओळी त्याला अधिक काळ पुरतात. वेळेचा अभाव ही अडचण खरी आहे. पण वर्षाकाठी दोन-तीन संहितांना तरी असे वाचन लाभणे अशक्य नाही.

प्रत्येक चाहता बहिणाबाई होणार नाही. निष्ठेने नक्कल करण्यातही आनंद आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ज्याच्या लेखनात स्वतःची मुद्रा उमटू पाहते आहे, त्याला ती उसन्या मुद्रेपासून वेगळी ओळखता यावी, यासाठी कोणीतरी खरे बोलणे आवश्यक आहे. प्रामाणिक समीक्षेचे हौशी लेखनातील मूल्य यातच सामावलेले आहे.